एकविसाव्या संगणकाला नकार कोण देते? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस-सॉफ्टवेअरच्या एक्सप्रेस या फुकट आवृत्तीतील कनेक्शनच्या तक्रारींवर मी लिहिलेल्या लेखाबद्दल आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा : आपल्या कार्यालयात विंडोज १० प्रोच्या एका संगणकावर २०१९ ची एक्सप्रेस आवृत्ती बसवलेली आहे, वीस संगणक सुरळीत चालतात आणि एकविसावा हमखास ‘नेम्ड पाइप्स प्रोव्हायडर, एरर ४०’ दाखवून अडतो, त्याअर्थी फुकटच्या आवृत्तीला परवान्याने वीस कनेक्शनांची मर्यादा घातलेली आहे, असे असताना ‘स्टँडर्ड ही पैसे देऊन घ्यायची आवृत्ती विकत घ्या’ एवढे एक वाक्य लिहायचे सोडून मी वाचकांना लॉग चाळायला लावतो आणि वर कनेक्शन पूलिंगचा, म्हणजे एकदा उघडलेली कनेक्शने आळीपाळीने पुन्हा वापरण्याचा, सल्ला देऊन परवाना चुकवण्याची वाटही दाखवतो.

आपले निरीक्षण बिनचूक आहे, आणि अडथळा परवान्यातूनच आलेला असावा, याबद्दलही माझे दुमत नाही. मात्र आपण दिलेल्या तपशिलावरून तो परवाना विंडोजचा दिसतो. एसक्यूएल सर्व्हरचा त्यात हात नाही.

२०१९ च्या एक्सप्रेसला प्रत्येक डेटाबेससाठी १० जीबी, बफर पूलसाठी, म्हणजे डेटा मेमरीत धरून ठेवण्याच्या जागेसाठी, १,४१० एमबी, आणि प्रोसेसरचे एक सॉकेट किंवा चार कोअर यांपैकी जे कमी असेल ते, अशा मर्यादा आहेत. कनेक्शनची कमाल संख्या मात्र एंटरप्राइझ या सर्वांत वरच्या आवृत्तीत आहे तेवढीच, म्हणजे ३२,७६७ आहे. १० जीबी ओलांडू लागल्यास येणाऱ्या १८२७ क्रमांकाच्या त्रुटीत ‘परवान्यानुसार मर्यादा’ अशा अर्थाचे शब्द स्पष्ट असतात. कनेक्शने खरोखर संपली तर १७८०९ येते. परवाने मोजून लॉगिन नाकारण्याची पद्धत जुन्या आवृत्त्यांत होती, हे खरे. तेव्हा १८४५८ क्रमांकाच्या संदेशात नोंदवलेल्या परवान्यांचा आकडा असे आणि कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन आणखी परवाने नोंदवा, अशी सूचनाही असे. ‘एमएसडीई २०००’ या एक्सप्रेसच्या आधीच्या फुकट आवृत्तीत आठांहून अधिक कामे एकाच वेळी चालू झाली की इंजिन मुद्दाम संथ होई, पण तेही कोणाला परत पाठवत नसे, आणि २००५ मध्ये एक्सप्रेस आली तेव्हा तो लगामही निघाला. फुकटच्या आवृत्तीत माणसे मोजून घेतात हा समज, माझ्या मते, त्या काळापासून चालत आलेला आहे, आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना तो सोयीचाही आहे.

आता एकविसाव्या संगणकाकडे वळू. विंडोज ७ पासूनच्या डेस्कटॉप आवृत्त्यांत फाइल आणि प्रिंटर शेअरिंगसाठी बाहेरून येणाऱ्या कनेक्शनांवर २० ची मर्यादा आहे. एक्स्पी प्रोफेशनलमध्ये ती १० होती आणि एक्स्पी होममध्ये ५. नेटवर्कवरचे संगणक एसक्यूएल सर्व्हरशी टीसीपी किंवा नेम्ड पाइप्स या दोन संपर्क-पद्धतींपैकी एकीने बोलतात, आणि यांतले नेम्ड पाइप्स फाइल शेअरिंगच्याच यंत्रणेवरून, म्हणजे एसएमबीवरून जातात, त्यामुळे डेटाबेसकडे निघालेली विनंती वाटेत विंडोजकडून मोजली जाते. एक्सप्रेस बसवल्यावर टीसीपी मुळात बंद असते. बसवणाऱ्याने ते चालू न करता नुसते नेम्ड पाइप्स चालू केले असतील, किंवा फायरवॉलने पोर्ट अडवले असेल, तर सगळे संगणक निमूटपणे त्याच वाटेने येत राहतात आणि विसापर्यंत कोणाला काही कळतही नाही. शिवाय त्या संगणकावरचा प्रिंटर शेअर केलेला असेल, तर डेटाबेस कधीही न उघडणारा, फक्त छपाई करणारा संगणकही त्या विसांतली एक जागा अडवतो.

याची खातरजमा करायला फार वेळ लागत नाही. सर्व्हर म्हणून वापरात असलेल्या संगणकावर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेट कॉन्फिग सर्व्हर’ ही कमांड द्यावी; लॉग ऑन करू शकणाऱ्यांच्या कमाल संख्येपुढे २० हा आकडा दिसेल. ‘नेट सेशन’ दिल्यास कोणकोणते संगणक जागा धरून बसले आहेत, त्यांची यादी मिळेल. मग अडलेल्या संगणकावरून त्याच सर्व्हरवरील एखादे शेअर केलेले फोल्डर उघडून पाहावे. तेही न उघडता विंडोजने ७१ क्रमांकाची त्रुटी दाखवली, म्हणजे हा संगणक आणखी कनेक्शने स्वीकारू शकत नाही असे सांगितले, तर एसक्यूएल सर्व्हरवरचा संशय तिथेच मिटला. आपल्याला दिसणारी ‘एरर ४०’ ही सर्व्हर बंद असला तरी येते. तिच्यातला उपयोगाचा भाग ‘नेम्ड पाइप्स’ हे दोन शब्द आहेत. लॉग आणि संदेश पूर्ण वाचा असा आग्रह मी धरतो तो एवढ्यासाठीच. आपण स्टँडर्ड विकत घेऊन याच संगणकावर, याच जुळणीत बसवली असती, तर पैसे गेले असते आणि एकविसावा संगणक तसाच अडला असता.

टीसीपी चालू करून दिले की तो बहुधा आत येईल. तरीही एवढ्यावर थांबा, असे मी म्हणणार नाही. विंडोज १० चा परवाना इतर वीस उपकरणांपर्यंतच, आणि तेही फाइल, प्रिंट अशा ठरावीक सेवांसाठी परवानगी देतो. त्या संगणकाचा सर्व्हर म्हणून वापर त्याला मान्य नाही. तांत्रिक अडसर निघाला म्हणून कराराची अट निघत नाही. आपल्या आकाराच्या कार्यालयाला विंडोज सर्व्हर आणि त्याचे क्लायंट ॲक्सेस परवाने, म्हणजे कॅल, घेणे हाच सरळ मार्ग आहे. डेटाबेस १० जीबीच्या आत असेल, तर एक्सप्रेस त्यावरही फुकटच राहील आणि तिच्यासाठी वेगळे कॅल लागणार नाहीत.

पूलिंगबाबतचा आपला आरोप मात्र मला मान्य नाही. पूलिंगने कनेक्शने कमी होतात, परवाने कमी होत नाहीत. सर्व्हर अधिक कॅल या पद्धतीने स्टँडर्ड घेतलेली असेल आणि तीस माणसे वेब ॲप्लिकेशनच्या एकाच लॉगिनमधून डेटाबेस वापरत असतील, तर मायक्रोसॉफ्टच्या नियमाने ती माणसे तीसच धरली जातात. त्या लेखात पूलिंगचा विषय आला तो कनेक्शन बंद न करणाऱ्या प्रोग्राममुळे. प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणाऱ्या एडीओ डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेचा पूल, म्हणजे कनेक्शनांचा साठा, मुळात १०० कनेक्शनांचा असतो, आणि तो भरला की ‘पूलमधून कनेक्शन मिळण्यापूर्वीच मुदत संपली’ अशा अर्थाचा संदेश येतो. तो दोष प्रोग्रामचा असतो, आणि त्यावर परवाना हे औषध नव्हे.

ओरॅकल या दुसऱ्या कंपनीच्या डेटाबेसचा आपण ओझरता उल्लेख केला आहे. तेथे सत्रांच्या परवान्याची मर्यादा ओआरए-०००१९ या त्रुटीने कळते आणि प्रोसेसेसची ओआरए-०००२० ने. पहिली मर्यादा कोणी मुद्दाम घातल्याशिवाय लागू होत नाही आणि ओरॅकलने स्वतःच ती कालबाह्य ठरवली आहे, दुसरी मात्र साधे पॅरामीटर वाढवून सुटते.

आपल्या पुरवठादाराने स्टँडर्डचे दरपत्रक पाठवलेच असेल, तर मागणीपत्रावर सही करण्यापूर्वी ‘नेट सेशन’ची यादी त्यांना पाठवावी आणि कोणत्या त्रुटी-क्रमांकाच्या आधारे हा परवाना सुचवला आहे, हे त्यांच्याकडून लेखी मागवावे.