लहान घरासाठी लहान कासव? आधी फरशी मोजा

'घर छोटं आहे, कुत्रा-मांजर जमणार नाही, मग एखादं छोटं कासव पाळू' असं म्हणणारे सगळे कासवाचा आकार बघतात, त्याचं चालणं कुणी बघत नाही. जमिनीवरचं कासव जागं असलं की चरत, हुंगत, उकरत फिरतं. त्याला उंची नको, फरशी हवी. म्हणून माझं म्हणणं असं, की जागा कमी असेल तर सगळ्यात लहान जात शोधू नका. तुमच्या घरातली हवा आणि मोकळी फरशी जिला मानवेल ती जात शोधा. तशी सापडली नाही, तर कासव नको.

पिल्लू बघून तर अजिबात ठरवू नका. सुल्काटा या आफ्रिकेतल्या मोठ्या जातीचं पिल्लू अंड्यातून येतं तेव्हा जेमतेम पाच सेंटिमीटरचं असतं. पुढे त्याची पाठ ४५ ते ७५ सेंटिमीटर होते आणि वजन ४० किलोच्या घरात जातं. 'टाकीच्या मापाने वाढतं' ही शुद्ध थाप आहे. कोंडलेलं कासव लहान राहत नाही, आजारी पडतं. लांबी विचारताना पाठीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतची सरळ लांबी विचारा. टेप पाठीच्या उंचवट्यावरून फिरवला की आकडा फुगतो.

खरोखर लहान जाती कोणत्या? दक्षिण आफ्रिकेतलं स्पेकल्ड पॅडलोपर जगात सगळ्यात लहान, ६ ते १० सेंटिमीटर. पण त्याचा आहार इतका खास असतो की पिंजऱ्यात ते सहसा तगत नाही. इजिप्शियन कासव १० ते १३ सेंटिमीटरचं आणि देखणं, पण दमट हवा त्याला सोसत नाही. शिवाय ते साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात आहे. पॅनकेक आणि स्टार ही कासवंही २०१९ पासून त्याच परिशिष्टात आहेत. स्टार कासव ज्या भारतात मूळचं आहे, तिथे ते पाळणं गुन्हा आहे. कुठल्याही जातीचा विचार करण्याआधी आपल्या देशाचा कायदा बघा. 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून तर काहीच घेऊ नका.

उरतात ती हर्मन आणि रशियन (रशियनलाच हॉर्सफील्डही म्हणतात). दक्षिण युरोपात पश्चिमेकडचं हर्मन १३ ते १८ सेंटिमीटर, पूर्वेकडचं त्याहून बरंच मोठं. रशियन १५ ते २० सेंटिमीटर, पण हाडाचं खोदणारं, चढणारं आणि हट्टी. ते कोरड्या मुलखातलं आहे. सतत दमट हवेत त्याचं नाक वाहू लागतं, मग छाती भरते. माझी निवड विचाराल तर बंदिवासात जन्मलेला, पश्चिमेकडचा एकच हर्मन नर. या जातीत नर मादीपेक्षा लहान राहतो आणि अंडी घालायला जागा करून देण्याची भानगडही नसते. फक्त पिल्लाचं नर-मादी कळत नाही. पाठ साधारण १० सेंटिमीटरच्या पुढे गेलेलं कासव घ्या. नराची शेपटी लांब, जाड आणि पोटाची ढाल किंचित खोलगट असते.

आता जागा. १२० × ६० सेंटिमीटरचं घर पिल्लापुरतं ठीक आहे. मोठ्या नराला १८० × ९० तरी हवं, म्हणजे जवळपास एक सिंगल बेड. २४० × १२० जमलं तर उत्तम. काचेची टाकी नको. काच त्याला दिसत नाही, ते दिवसभर तिला धडका देत बसतं आणि आत हवाही खेळत नाही. चारी बाजूंनी अपारदर्शक फळ्या, वरून उघडं, भिंती मातीपासून निदान ३० सेंटिमीटर उंच. कोपऱ्यांत दगड रचू नका, त्यांवर चढून ते बाहेर पडतं.

माती आणि नारळाचा भुसा मिसळून भरा, पण सगळीकडे खोल नको. १८० × ९० मध्ये १२ सेंटिमीटर भरली तर जवळजवळ दोनशे लिटर होते आणि ओली झाल्यावर तिचं वजन दीडशे किलोच्या पुढे जातं. असला खोका टेबलावर ठेवायचा नसतो. एका कोपऱ्यात २० सेंटिमीटर खोल आणि इतरत्र पाच-सहा सेंटिमीटर पुरे. नुसती वाळू नको. खाण्याबरोबर पोटात जाऊन ती आतडं तुंबवते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दिव्यांचा. खिडकीतलं ऊन चालत नाही, कारण काच उन्हातले यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण अडवते. यूव्हीबी नाही तर ड जीवनसत्त्व नाही, ते नाही तर कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. छोटा वळणदार बल्ब एवढ्याशा जागेवर प्रकाश टाकतो. टी-५ ची, म्हणजे बारीक ट्यूबलाइटसारखी लांब यूव्हीबी नळी घ्या, १२ टक्के यूव्हीबीवाली, पाठीपासून ३५-४० सेंटिमीटरवर. वर्षाने ती बदला. ती उजेड देत राहते, यूव्हीबी मात्र संपत आलेलं असतं. शेकण्याच्या जागी ऊब देणाऱ्या पांढऱ्या दिव्याखाली ३२ ते ३५ अंश आणि दुसऱ्या टोकाला २२-२४. कासवाचं सगळं घर एकाच तापमानाला ठेवलं तर कासवाला निवड उरत नाही. बाल्कनीत सोडत असाल तर सावली हवीच. तापल्या फरशीवर ते थोड्या वेळातही मरू शकतं.

कोरडं ठेवा, असं पूर्वी सांगत. पण पिल्लाच्या पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात, त्याचं मोठं कारण कोरडी हवाच असते. पिल्लाला दमट लपण्याची जागा द्या आणि हनुवटीपर्यंत येणाऱ्या कोमट पाण्यात रोज १५-२० मिनिटं बसवा. मोठ्याला आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे.

खायला जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, काटे काढलेला निवडुंग, रानभाजीचा पाला. फळं नकोत, पालक रोज नको.

आणि 'एकटं पडेल' म्हणून जोडी आणू नका. नर मादीला टोचून बेजार करतो, दोन नर रक्त काढतात. छोट्या जागेत हरलेल्याला पळायला वाव नसतो.

विकत घेताना उचलून बघा. जड लागलं पाहिजे, डोळे उघडे, नाकात फुगे नकोत आणि चालताना पोट जमिनीला घासत नसावं. आणल्याबरोबर ताजी शी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे जंतांसाठी तपासायला द्या. त्या डॉक्टरचा पत्ता मात्र कासव आणण्याआधी शोधून ठेवा. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, साल्मोनेला निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही असतो.