पानी ते नदीनं शे, तुले दाना कसाले?

आज सकाळी डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर नाही. कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपवर मी फ्रीबीएसडीचा, म्हणजे फुकट मिळणाऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टिमचा, तिमाही अहवाल टाकला. कोणी वाचणार नाही हे ठाऊक होतं, तरी टाकला. खाज, दुसरं काय. पाच मिनिटांत एकाचं उत्तर, "फुकट आहे ना? मग देणगी कशाला मागतात?" खाली हसऱ्या तोंडांची रांग.

कुठे हसलात रे? व्हॉट्सॲपवर. जे व्हॉट्सॲप कित्येक वर्षं फ्रीबीएसडीच्याच सर्व्हरवर चाललं. त्याच्या संस्थापकांपैकी यान कूमने २०१४ मध्ये फ्रीबीएसडी फाउंडेशनला १० लाख डॉलर दिले. त्याला कळत होतं, आपलं पाणी कुठून येतं.

माझे आबा पांझरा नदीच्या फडावर पाटकरी होते. साक्रीकडच्यांना फड सांगायला नको. बाकीच्यांसाठी: नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावर सगळ्या खातेदारांचं रान आणि पाळीने पाणी सोडणारा पाटकरी. पगार नाही, सुगीला धान्य. एक मोठा खातेदार दरवर्षी अडायचा. "पानी ते नदीनं शे, तुले दाना कसाले?" शेवटी द्यायचा, पण पायलीला शीग न लावता, म्हणजे मापावर रास न चढवता. आबा बोलायचे नाहीत. रात्री बॅटरी घेऊन पाटाच्या काठाने चालायचे. खेकडा काठाला बीळ पाडतो, बोटाएवढं. पाणी त्यातून झिरपायला लागलं की सकाळपर्यंत काठ फुटलाच म्हणून समजा. आबा टाच रोवून बघायचे. माती दबली की तिथे गवत नि चिखल कोंबून पायाने ठोकायचे. मी दहा वर्षांचा, बॅटरी माझ्या हातात. सकाळी त्या खातेदाराच्या उसाला पाणी पोचलेलं असायचं आणि त्याला वाटायचं, आपोआप पोचलं.

तो अहवाल म्हणजे हेच आहे, भाऊ. गेल्या तीन महिन्यांत कुठली बिळं बुजवली. लॅपटॉपवर वायफाय नीट चालावं, झाकण मिटून उघडलं की मशीन जागं व्हावं, असली कामं. फाउंडेशन २००० सालचं, अमेरिकेत कोलोराडोतलं, ना-नफा. काही कामांना ते पगारी माणसं लावतं, बाकी लोक आपापला वेळ घालतात. हो, अहवाल रटाळ असतो. आणि वायफायचं काम दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं, तेही मान्य. पण म्हणून हसायचं?

प्लेस्टेशन ४ च्या पोटातही फ्रीबीएसडीच आहे. त्यात चोरी नाही, लायसन्सच तसं. मूळ लेखकांचं नाव तसंच राहू द्या, मग बदला, विका, परत काही द्यायची सक्ती नाही. मला ते लायसन्स कधी कधी भोळंच वाटतं. आबांसारखं.

हे टाइप करता करता राग जरा उतरलाय, तर खरं सांगून टाकतो. धुळ्यातल्या एका लॅबमध्ये मी भंगारात निघालेल्या कॉम्प्युटरवर पीएफसेन्स नावाचं सॉफ्टवेअर टाकून फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची राखण करणारी पेटी, करून दिली होती. पीएफसेन्सच्या खाली फ्रीबीएसडीच. टेबलाखाली, चपलांच्या शेजारी, ती पेटी वर्षानुवर्षं चालली. तिथे अशी पेटी आहे हेही कोणाला ठाऊक नव्हतं. मजुरी मी रोख मोजून घेतली. त्यातला एक रुपया फाउंडेशनला पाठवला का? नाही. म्हणजे सकाळच्या त्या पठ्ठ्यात नि माझ्यात फरक एवढाच, मी हसलो नव्हतो. आबांना अडवणारा तो खातेदार मीच की.

संध्याकाळी २५ डॉलर पाठवायला बसलो. कार्डावर परदेशी व्यवहार बंद. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू केले, मग परत पहिल्यापासून नाव, पत्ता, ओटीपी. आई भाकरी थापत होती.

"कोणले पैसा धाडा रे?"

"पाटकरीले."

तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"शीग लावीसन दिधा ना?"