आत्या अमेरिकनच आहे हो, आणखी कसं सांगू?

डोकं फिरलंय आज. बायकोच्या व्हिसाच्या ऑफिसातून पुन्हा तोच निरोप: जॉइंट स्पॉन्सरच्या, म्हणजे माझ्याबरोबर हमी देणाऱ्या आत्याच्या, नागरिकत्वाचा पुरावा जोडा. अहो, जोडलाय की! तुमच्याच पोर्टलवर, तुम्ही सांगितलेल्याच जागी.

मी अमेरिकन नागरिक, बायको ठाण्यात. तिच्या इमिग्रंट व्हिसासाठी मी आय-८६४ भरायचा, म्हणजे ती सरकारवर भार होणार नाही अशी लेखी हमी द्यायची. त्यासाठी उत्पन्न गरिबीरेषेच्या सव्वापट हवं, आणि माझ्या पीएचडीच्या स्टायपेंडमध्ये ते बसत नाही. मग जामीन शोधा, तोच हा जॉइंट स्पॉन्सर. तो नात्यातलाच हवा असं काही नाही, पण असलं काम घेऊन परक्याच्या दारात कोण जाणार? आणि हमीही साधी नाही. उद्या आमचा घटस्फोट झाला तरी जामीनदार सुटत नाही. बायको नागरिक होईपर्यंत, नाहीतर कामाच्या ४० तिमाह्या भरेपर्यंत तो अडकलेला. एवढं सगळं सांगूनही न्यू जर्सीची आत्या फक्त म्हणाली, "सही कुठे करू ते दाखव."

टॅक्सचे कागदही तिने लगेच दिले. तमाशा सुरू झाला तो नागरिकत्वावरून.

पासपोर्टचं फोटोवालं पान दिलं असतं तर काम झालं असतं. पण तिचा पासपोर्ट नेमका नूतनीकरणाला गेलेला, आणि टपालाने अर्ज करताना जुना पासपोर्टही सोबत द्यावा लागतो. लायसन्स चालत नाही, सोशल सिक्युरिटी कार्ड चालत नाही. काकांनी मोठ्या उत्साहाने व्हॉट्सॲपवर तिचं ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) धाडलं. काका, त्यावरून ती भारताच्या लेखी परदेशी आहे एवढंच कळतं, कुठल्या देशाची नागरिक हे इथे कोण मानणार! जन्मदाखला साताऱ्याचा, त्याचा काय उपयोग. उरलं नॅचरलायझेशनचं, म्हणजे अमेरिकन नागरिकत्व मिळाल्याचं, सर्टिफिकेट, तेही बँकेच्या लॉकरमध्ये.

ते बाहेर काढलं तर आत्या म्हणते, "अरे, याची कॉपी काढणं गुन्हा आहे, यावरच लिहिलंय." आणि खरंच लिहिलंय! कायदेशीर अधिकाराशिवाय प्रत काढली, छापली किंवा फोटो घेतला तर शिक्षा. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा स्टॉप साइनला पूर्ण थांबणारी बाई ती, ऐकते कसली! एक खातं म्हणतं कॉपी काढाल तर याद राखा, दुसरं म्हणतं कॉपी लावा नाहीतर व्हिसा विसरा. कायदेशीर कामासाठी प्रत चालते हे मी सांगितलं, तिच्या मुलाने सांगितलं, पण ते पटलं तिच्या टॅक्सवाल्याने सांगितल्यावरच. घरचं कार्टं कितीही शिकलं तरी कार्टंच.

एवढं करून अपलोड केलं, तर म्हणे पुरावा नाही. का नाही? ते लिहायची पद्धत नाही. सर्टिफिकेटवर मधलं नाव पूर्ण आहे आणि टॅक्सच्या कागदावर नुसतं आद्याक्षर, म्हणून? की कुणी फाइल उघडलीच नाही? फोन लावला तर उत्तर: वेबसाइट बघा. वेबसाइट बघूनच फोन केलाय, बाई!

मला राग याचा येतो की ते सर्टिफिकेट दिलं कुणी? तुम्हीच ना? बोटांचे ठसे तुम्ही घेतले, मुलाखत तुम्ही घेतली, शपथ तुम्ही दिली. तिचा ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्यातला तिचा नोंदणी क्रमांक, त्या कागदावर ठळक छापलाय, टाका संगणकात आणि बघा. ज्यूरी ड्युटीचं पत्र मात्र तिच्या पत्त्यावर बिनचूक येतं. नागरिक नसलेल्याला ज्यूरीत बसता येत नाही, पण तेव्हा कुणी तिच्याकडे पुरावा मागत नाही! आणि इथे मी, भाचा म्हणवणारा, उपकार करणाऱ्या बाईला सारखा फोन करतोय की आत्या, सॉरी, ते सर्टिफिकेट जरा परत काढतेस का. ती बिचारी "त्यात काय एवढं" म्हणते. त्याने तर आणखीच मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तिकडे ठाण्यात सासूबाईंना रोज कुणीतरी विचारतंय, "जावई नेणार आहेत ना नक्की?"

आता वेगळी फाइल केली, आत्याचं पूर्ण नाव घातलं, स्कॅन इतका स्वच्छ की शिक्क्याची रेघन् रेघ दिसते. पोर्टलने ती परत फेकली. म्हणे साइझ मोठी आहे. लहान केली तर अक्षरं पुसट होतात, आणि पुसट कागद हे लोक वाचता येत नाही म्हणून परत पाठवतात.