संकटात छापलेल्या नोटा आणि परत न मिळालेले अधिकार: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, तेव्हा चार ओळी खरडून मोकळं होणं बरं दिसणार नाही. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी दोन गोष्टी मांडल्या होत्या: राष्ट्रीय संकटात रिझर्व्ह बँक सरकारसाठी नोटा छापते त्याची किंमत सर्वांत दुबळा माणूस मोजतो, आणि संकटात घेतलेले अधिकार सरकार आपणहून परत करत नाही. तुमचं म्हणणं असं की हा भरल्या पोटाचा युक्तिवाद आहे. १९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात पोचल्या होत्या, तेव्हा सैन्याला पैसा कुठून द्यायचा? १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये माणसं मारली ती बाजाराने आणि साठेबाजांनी. मुंबई वाचली ती सरकारी रेशनमुळे, आणि तिथला भाडेकरू वाचला तो गोठवलेल्या भाड्यांमुळे. आणि आता बँकेला महागाईचं लक्ष्य कायद्यानेच घालून दिलंय, तर जुनी मढी कशाला उकरायची?

युद्धापासूनच सुरुवात करतो, कारण माझं म्हणणं तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतं.

नोव्हेंबर १९३९ मध्ये ब्रिटन आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात खर्चाच्या वाटणीचा करार झाला. समजा, खडकीच्या कारखान्यात बनलेली काडतुसं परदेशातल्या आघाडीवर गेली, तर त्यांचा खर्च ब्रिटनचा. पण कारखान्यातल्या कामगाराला, कापडाच्या ठेकेदाराला, तांदळाच्या व्यापाऱ्याला पैसे रुपयांतच हवेत, आणि तेही लगेच. मग व्यवस्था अशी की ब्रिटनने लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर पौंड जमा करायचे आणि त्या पौंडांच्या तारणावर बँकेने इथे नोटा काढायच्या. पौंड लंडनमध्येच अडकलेले. युद्ध चालू असेतो त्यातून ना यंत्र आणता येत होतं, ना धान्य. माल देशाबाहेर गेला, नोटा देशात उरल्या. युद्धापूर्वी चलनात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा होत्या, त्या युद्ध संपेपर्यंत ११०० कोटींच्या वर गेल्या. लंडनमधली जमा वाढत वाढत सुमारे १३० कोटी पौंडांवर पोचली.

यातला एक तपशील मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्यात नोटछपाईला लगाम होता: नोटांच्या मागे किमान ४० टक्के सोनं आणि स्टर्लिंग, म्हणजे ब्रिटिश पौंडांतले, रोखे असलेच पाहिजेत. युद्धाच्या सहा वर्षांत हा नियम एकदाही मोडला गेला नाही. उलट ते प्रमाण वाढतच गेलं, कारण लंडनमधल्या प्रत्येक नोंदीची गणना ‘राखीव निधी’त होत होती. म्हणजे नोटा सहापट झाल्या आणि कायद्याच्या दृष्टीने रुपया पूर्वीपेक्षा भक्कम! तारण कशाला म्हणायचं हेच सत्तेच्या हाती असेल, तर तारणाची अट सत्तेला आवर घालूच शकत नाही.

लोकांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण हातातलं नाणं कळत होतं. राणीछाप रुपया ज्यांच्या घरात अजून जपून ठेवलेला आहे त्यांनी तो तळहातावर घेऊन बघावा. एक तोळा वजन, त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, १९४७ मध्ये तो निकेलचा झाला. जून १९४० मध्ये लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागू लागले, तेव्हा सरकारने भारत संरक्षण नियमांखाली गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणं हा गुन्हा ठरवला. स्वतःची बचत कशात ठेवायची हा साधा निर्णय घेणारा माणूस एका हुकमासरशी गुन्हेगार झाला. तुम्ही ‘साठेबाज’ म्हणता तेव्हा हेही लक्षात असू द्या.

आता बंगाल. इथे तुमचा राग मला समजतो आणि तो रास्तही आहे. सरकारी चौकशी आयोगाने १५ लाख मृत्यू धरले, नंतरचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. पण तिथे मोकळा बाजार होता कुठे? १९४२ मध्ये जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून किनारपट्टीच्या जिल्ह्यांतल्या मोठ्या होड्या सरकारने ताब्यात घेतल्या किंवा नष्ट केल्या. ज्या मुलुखात रस्त्यांऐवजी नद्या आहेत, तिथे होडी गेली की मासेमारी गेली आणि धान्याची ने-आणही गेली. त्याच वर्षी प्रांतांनी आपापल्या सीमा धान्याला बंद केल्या. ब्रह्मदेशचा तांदूळ थांबलेला, ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळ. आणि या सगळ्यावर नव्या नोटांचा पूर. कलकत्त्यात तांदूळ डिसेंबर १९४२ मध्ये मणाला १३-१४ रुपये होता, तो पुढच्या ऑगस्टात ३० च्या वर गेला.

मेले कोण ते पाहा. भूमिहीन मजूर, कोळी, न्हावी, गावातले छोटे कारागीर. अमर्त्य सेन यांनी हे नीट दाखवून दिलं आहे, आणि बाजारवादी म्हणून त्यांना कुणी ओळखत नाही. युद्धखर्चाचा पैसा आधी ठेकेदार, कारखाने, लष्करी बांधकामं यांच्याकडे गेला. त्यांनी चढ्या भावाने तांदूळ उचलला. खेड्यातल्या मजुराची मजुरी होती तिथेच राहिली. नवी नोट सगळ्यांच्या खिशात एकाच दिवशी पोचत नाही. जो तिजोरीजवळ असतो तो जुन्या भावाने खरेदी करतो, आणि जो सर्वांत लांब असतो त्याच्याकडे आधी भाववाढ पोचते, मग कधीतरी पैसा. बंगालच्या मजुराकडे तो पोचलाच नाही. संसदेने मंजूर न केलेला, कुणाच्याही सहीने न लादलेला हा कर होता, आणि तो त्याने जीव देऊन भरला.

तुम्ही म्हणाल की १९४३ च्या उन्हाळ्यात पूर्वेकडच्या प्रांतांत काही आठवडे मुक्त व्यापार करून पाहिला, आणि बिहार-ओरिसात भाव भडकून तो गुंडाळावा लागला. खरं आहे. नुसत्या व्यापाराने त्या क्षणी बंगाल वाचला असता असा माझा दावा नाही. ज्याच्या हातात पैसाच नाही त्याला थेट अन्न किंवा काम द्यायला हवं होतं. त्यासाठी दुष्काळसंहिता, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करायचं याची नियमावली, एकोणिसाव्या शतकापासून लिहून तयार होती. सरकारने बंगालमध्ये दुष्काळ जाहीरच केला नाही. नोटा छापायचा अधिकार वापरला, अन्न पुरवायचं कर्तव्य मात्र टाळलं.

मुंबईचं रेशन मे १९४३ पासून सुरू झालं आणि ते नीट चाललं, हे मला मान्य आहे. शहराचा जीव त्याने तगवला. पण त्याचा पुढचा प्रवासही पाहू. युद्धातले पुरवठ्याचे अधिकार १९४६ मध्ये एका कायद्यात उतरवले, ज्याच्या नावातच ‘तात्पुरते अधिकार’ असे शब्द होते. घटनेनेही संसदेला त्यासाठी पाचच वर्षं दिली होती. ती संपत आली तेव्हा घटनादुरुस्ती करून वाट काढली आणि १९५५ मध्ये आवश्यक वस्तू कायदा आला. तो आजही आहे. २३ ऑक्टोबर २०२० ला केंद्राने कांद्यावर साठामर्यादा घातली: घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळ दुकानदाराला २ टन. निर्यात महिनाभर आधीच बंद केली होती. लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर घेऊन उभा असलेल्या शेतकऱ्याला भाव पडण्याचं कारण कळायला अर्थशास्त्र लागत नाही: साठा करता येत नाही तर व्यापारी बोली लावेल कशाला? जपानशी लढण्यासाठी घेतलेली सत्ता अशी नाशिक जिल्ह्यातल्या कांद्यावर चालते.

आणि तुमचं ते भाडेकरूचं उदाहरण. मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. गिरणगावातल्या कामगाराला तेव्हा त्याचा आधार झाला, यात शंका नाही. पण १९४७ चा भाडेकायदा मुदतीचा होता, आणि मुदत संपत आली की ती वाढवली जायची. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की १९४० चं भाडं कायम ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. तोवर दोन पिढ्या पागडीत आणि टेकू लावलेल्या चाळींत गेल्या. दुरुस्तीचा खर्चही निघणार नाही अशा भाड्यात इमारत कोण सांभाळणार?

अधिकार परत देताच येत नाहीत असं नाही. रफी अहमद किडवई १९५२ मध्ये अन्नमंत्री झाले आणि दोन वर्षांत त्यांनी धान्यावरची नियंत्रणं उठवली. उपासमार होईल असं अनेकांनी बजावलं होतं. पाऊसही चांगला झाला, आणि भाव उतरले. पण असा माणूस सत्तेवर येण्याची वाट पाहणं हा काही बंदोबस्त नव्हे.

‘आता कायदा आहे’ या मुद्द्यावर येतो. तो ४० टक्क्यांचा नियम आठवा. युद्धात तो अडसर ठरला नाही म्हणून कुणी त्याला हात लावला नाही. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत स्टर्लिंगची शिल्लक आटू लागली, नियम पहिल्यांदाच खरोखर आडवा येणार होता, तेव्हा १९५६ मध्ये तो काढून टाकला. त्याजागी ठरावीक रकमेची अट आली, आणि पुढच्याच वर्षी तीही खाली आणून एकूण २०० कोटींवर ठेवली, त्यात ११५ कोटींचं सोनं. ही अट आजही कायद्यात तशीच आहे. अर्थतज्ज्ञ बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्येच तुटीच्या अर्थपुरवठ्याविरुद्ध, म्हणजे सरकारची तूट नव्या पैशाने भरण्याविरुद्ध, भिन्नमत नोंदवलं होतं. योजनेसाठी नेमलेल्या अर्थतज्ज्ञांच्या मंडळात ते एकटे पडले. त्याच सुमारास सरकारची शिल्लक ५० कोटींखाली गेली की आपोआप तदर्थ हुंड्या (सरकारची अल्पमुदतीची कर्जपत्रं) काढून रिझर्व्ह बँकेकडून पैसा घ्यायची सोय झाली. तदर्थ म्हणून सुरू झालेली ही सोय १९९७ मध्ये थांबली.

महागाईचं लक्ष्य २०१६ पासून आहे: ४ टक्के, वर-खाली २ टक्के. सलग तीन तिमाह्या ते चुकलं तर बँकेने सरकारला कारणं लिहून द्यायची. कोविडकाळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवर आणला, २०२०-२१ मध्ये बँकेने बाजारातून तीन लाख कोटींहून अधिक सरकारी रोखे उचलले. मोठ्या बँकांत वर्षाच्या एफडीवर पाच टक्क्यांच्या आसपास व्याज, महागाई सहाच्या आसपास. निवृत्त शिक्षकाने त्या वर्षी एफडीचं नूतनीकरण केलं असेल, तर पावतीवर रक्कम वाढली आणि तिची खरेदीशक्ती घटली. सरकारला मात्र स्वस्तात कर्ज मिळालं. २०२२ च्या सलग तीन तिमाह्या महागाई ६ टक्क्यांच्या वर राहिली. नोव्हेंबरात व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीची खास बैठक झाली, सरकारला अहवाल गेला. तो जनतेसमोर आणलेला नाही. ज्यांच्या बचतीचं नुकसान झालं त्यांनाच कारणं वाचायला मिळत नाहीत, याला मी उत्तरदायित्व कसं म्हणू?

तुमचा शेवटचा प्रश्न होता: मग तुम्ही १९४२ मध्ये काय केलं असतं? सैन्याला पैसा दिलाच असता. देशरक्षण हे सरकारचं पहिलं काम आहे. पण उघड कर आणि उघड कर्ज यांतून, लोक स्वखुशीने घेतील अशा व्याजदराने आणि तारणाने. हे अशक्य नव्हतं. ऑगस्ट १९४३ पासून ब्रिटन आणि अमेरिकेच्या वतीने रिझर्व्ह बँकेने इथे सोनं विकून नोटा परत गोळा केल्याच. तेच १९४१ मध्ये करता आलं असतं. कर्ज महाग पडलं असतं, मान्य. पण मग तो खर्च ब्रिटनच्या अंदाजपत्रकात दिसला असता, मेदिनीपूरच्या मजुराच्या भाताच्या ताटात नाही.

आजसाठी माझ्या मागण्या याच धर्तीच्या आहेत. संकटात काढलेल्या प्रत्येक हुकमावर संपण्याची तारीख हवी, आणि ती वाढवायची तर संसदेत किंवा विधानसभेत पुन्हा मतदान हवं. रिझर्व्ह बँकेने सरकारी रोखे घेतले तर किती आणि का, हे त्याच अधिवेशनात मांडलं जावं. आणि नोव्हेंबर २०२२ चा तो अहवाल प्रसिद्ध व्हावा. यातल्या कशामुळे देश संकटात दुबळा होईल असं तुम्हाला वाटतं, ते जरूर लिहा. अहवालाबद्दल तर मला तुमचं मत हवंच आहे, कारण बँकेच्या स्वायत्ततेवर तुमचा माझ्याहून जास्त विश्वास आहे.