म्हणे मी अनुमोदन दिलं!

आमच्या पडवीसमोर एक नळ आहे. सिमेंटचा बुटका खांब, त्यावर तोटी. दोन वर्षं झाली बसवून. सध्या त्या खांबाला रेडी बांधलेली असते, कारण दुसरा काही उपयोगच नाही. पहिल्या वर्षी पाणी आलं ते जुलैत, म्हणजे आभाळ फाटून कोसळत होतं तेव्हा. फेब्रुवारी लागला की तोटी पिळायची आणि फुस्स करून हवा ऐकायची. मग हंडा कमरेला, दुसरा डोक्यावर, आणि पाखाडी उतरून खालच्या विहिरीवर.

आणि ग्रामसभेच्या कागदावर काय आहे? वाडीतल्या घरोघरी नळाने पुरेसं पाणी मिळत आहे, जलजीवन मिशनच्या नळयोजनेचं काम समाधानकारक पूर्ण झालं आहे, ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक अमुक. अनुमोदक... मी! माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं शुद्धलेखनासकट बरोबर. रेशनकार्डावर इतकं बरोबर नाही हो!

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवलं, तेव्हा ही पानं हाताला लागली. सभेची तारीख बघितली आणि डोकंच फिरलं. त्या दिवशी मी रत्नागिरीत होते, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. डिस्चार्ज कार्ड अजून कपाटात आहे. म्हणजे मी इस्पितळाच्या बाकावर वडापाव खात होते आणि तिकडे गावात हात वर करून पाण्याला अनुमोदनही देत होते.

आता कोणी सांगेल, सभेला जात नाही तुम्ही लोक, म्हणून असं होतं. जाते हो मी! नेमाने जाते. ग्रामसभेच्या तारखाच बघा ना. 26 जानेवारीला अर्धा गाव मोहरावर फवारणीत. 1 मेला आंबा पेटीत भरायची घाई, त्यात मुंबईचे चाकरमानी आलेले, घरात वीस माणसांचा स्वयंपाक. 15 ऑगस्टला पऱ्या भरून वाहतोय, साकवाच्या फळ्या निसटलेल्या, वरच्या वाडीची म्हातारी माणसं येणार कशी? पोहून? आणि 2 ऑक्टोबरला हळवं भात कापणीला आलेलं. तरीही मी गेलेय, छत्री घेऊन, शाळेच्या त्या लहान पोरांच्या बाकड्यावर गुडघे दुमडून बसलेय.

मागच्या वेळी मोजून एकोणतीस माणसं होती. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातला कमी आकडा म्हणजे कोरम. आमच्याकडे चौदाशेच्या वर मतदार, म्हणजे शंभर हवेत. एकोणतीस म्हटल्यावर सभा तहकूब. बरं झालं, म्हटलं, पुढच्या वेळी वाडीतल्या बायका घेऊन येते. पण पुढची गंमत अशी की तहकूब सभेला कोरमच लागत नाही! तिची नोटीस लागली पंचायतीच्या आतल्या भिंतीवर, कॅलेंडरच्या मागे. दवंडी नाही, काही नाही. एरवी पाणीपट्टी थकली की शिपाई दारात येऊन नावासकट ओरडतो, तेव्हा बरोबर घर सापडतं.

यात मेख आहे ती नीट समजून घ्या, मला समजायला सहा वर्षं लागली. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्याच असा कायदा आहे. सभा घेतली नाही तर सरपंचाचं पद जाऊ शकतं, ग्रामसेवकावर कारवाई होऊ शकते. म्हणून सभा होतेच. माणसं असोत, नसोत, सभा होतेच. ती वहीत होते. सभा झाली का एवढंच वरून विचारतात, आणि वही दाखवली की झालं. आणि हीच ग्रामसभा म्हणे योजनेचे लाभार्थी निवडणार, खर्चाला मंजुरी देणार. 73वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, तेव्हा मी शाळेत होते. नागरिकशास्त्रात दोन मार्कांना होती, ग्रामसभा म्हणजे काय? उत्तर पाठ होतं माझं. गावातील सर्व मतदारांची सभा. दोन्ही मार्क मिळाले होते. परत करावेसे वाटतात.

महिला सभेबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, त्यांचं म्हणणं मोठ्या सभेपुढे ठेवायचं, असा नियम आहे. चांगला नियम आहे, खोटं कशाला बोलू? आमच्याकडे ती सभा चालत येते. रजिस्टर दारोदार फिरतं. बाई भाकरी थापत असते, पिठाच्या हाताने सही. "कशावर गो?" असं विचारलं तर "महिला सभा झाली ना, त्याची." कधी झाली? आता. तू सही केलीस ना, झाली! रजिस्टर घेऊन फिरणाऱ्या बिचारीला तरी काय बोलणार, तिला दहा कामं, त्यात हे अकरावं.

आणि गावाला सभेचं वावडं आहे म्हणावं, तर तसंही नाही. शिमग्याच्या आधी गावकीची बैठक लावा. रात्री नऊला सुरू, दोन वाजले तरी कोणी उठत नाही. पालखी आधी कुठल्या वाडीत, मान कोणाचा, ढोल कोणी धरायचा, यावर गळ्याच्या शिरा ताणून भांडतील. गैरहजर राहिलं तर दंड! मुंबईहून रातराणीने येतात त्या बैठकीला. (तिथे आम्हा बायकांना बसायला मिळत नाही, ते रडगाणं वेगळं, आज नको.) पालखी कुठून जाणार यासाठी पाच तास. नळाची पाइपलाइन कुठून जाणार यासाठी पाच मिनिटं नाहीत. चाकरमान्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गावाच्या विकासाचे दिवसाला दोनशे मेसेज पडतात. 1 मेला हेच सगळे गावात असतात, शाळा पाच मिनिटांवर, सभेला एक जण फिरकत नाही. "जाऊन काय होणार, वहिनी?" असं फणस खाता खाता विचारतात.

घरकुलाची यादी असली की मात्र शंभर काय, दोनशे माणसं. यादी वाचून झाली की चपला घालून सगळी पसार. मग उरतात ते "ऐनवेळचे विषय". तोवर खोलीत उरलेले असतात सरपंच, ग्रामसेवक, शिपाई, त्यांची चार माणसं आणि मी. मी पाणी म्हटलं की "घ्या हो लिहून." लिहितात की नाही देव जाणे. आता मीही जाणलं म्हणा, माहितीच्या अधिकारात, दोन रुपये पानाप्रमाणे. तीन सभांत मी पाण्याबद्दल बोलले, तीनही इतिवृत्तांत त्याचा एक शब्द नाही. जे बोलले नाही तेवढंच माझ्या नावावर आहे.

माणशी दिवसाला पंचावन्न लिटर द्यायचं, असं 2019 ला योजना आली तेव्हा ठरलं. आम्ही घरात पाच. म्हणजे पावणेतीनशे लिटर. पंधरा लिटरचा हंडा, तुम्हीच भागून बघा माझ्या खेपा. तेही अशा मुलखात, जिथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडून समुद्राला जातो.

उद्या सभा आहे. आज दुपारी रजिस्टर आलं दारात. मी म्हटलं, आण इकडे. सहीच्या रकान्यात नीट अक्षरात लिहिलं, "नळाला पाणी नाही", खाली तारीख टाकली. रेडीला पाणी पाजून वळते तोवर शिपाई परत हजर, तोंड एवढंसं करून.

"वहिनी, काय हे? नवं रजिस्टर होतं. आता सगळं परत लिहून काढायला लागणार."