1972 नंतरचं सगळं

आमच्या घरात वाद घालायला विषय कमी नाहीत. सोसायटीचा पुनर्विकास रखडलाय, गावच्या घराचं छप्पर गळतंय, सासूबाई रक्तदाबाची गोळी घेतली म्हणतात आणि ती उशीखाली सापडते. पण माझा नवरा आणि त्याचे मोठे भाऊ या सगळ्यावर मूग गिळून बसतात आणि इंग्लंडमधल्या एका बँडवरून भांडतात. बँडचं नाव रोलिंग स्टोन्स, गायक मिक जॅगर, गिटारवाला कीथ रिचर्ड्स. स्थापना लंडन, 1962. भांडणाची स्थापना कधीची ते कुणालाच सांगता येत नाही, पण मी लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा ते चांगलं बाळसं धरून होतं.

तशी मला पूर्वसूचना मिळाली होती. कांदेपोहे झाल्यावर "तुम्ही दोघं जरा बोला" म्हणून आम्हाला गॅलरीत धाडलं, तेव्हा या गृहस्थाने पगार, बदली, स्वयंपाक यातलं काहीही न काढता एकदम विचारलं, "बीटल्स की स्टोन्स?" प्रश्न नक्की कशाबद्दल आहे हे न कळल्यामुळे मी म्हटलं, "काहीही चालेल." हे उत्तर त्याला अतिशय समंजस वाटलं. आत बसलेल्या भाऊजींना ते अतिशय संशयास्पद वाटलं, हे मला बऱ्याच वर्षांनी जाऊबाईंकडून कळलं.

तर पक्ष असे. नवरा चाहता, भाऊजी टीकाकार. भाऊजींचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं: हा बँड 1972 साली संपला. 'बेगर्स बँक्वेट', 'लेट इट ब्लीड', 'स्टिकी फिंगर्स' आणि 'एग्झाइल ऑन मेन स्ट्रीट' हे 1968 ते 1972 या काळातले चार अल्बम थोर आहेत, यावर दोघांचं एकमत आहे. एकमत असल्यामुळे त्या चार अल्बमबद्दल आमच्या घरात कधीच बोललं जात नाही. एवढी थोर गोष्ट, पण तिच्याबद्दल बरं-वाईट एक अक्षर माझ्या कानावर पडलेलं नाही. जे काही ऐकलंय ते पुढच्या पन्नास वर्षांचं.

नवऱ्याचा हुकमाचा पत्ता म्हणजे, 'एग्झाइल' आला तेव्हाही समीक्षकांनी नाकं मुरडली होती. हे खरंच आहे. फार लांबलाय, गबाळा आहे, आवाज चिखलातून आल्यासारखा येतोय, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं आणि पुढे त्याच लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. "म्हणजे काळ ठरवतो," असं म्हणून नवरा मागे टेकून बसतो. त्यावर भाऊजींचं ठरलेलं उत्तर, "काळाला पन्नास वर्षं दिली, अजून किती देऊ?" भाऊजी बँकेत होते. मुदत संपली की संपली.

1981च्या 'टॅटू यू'वरून तर एकदा आमच्याकडे पुरणपोळ्या गार झाल्या. नवऱ्याने त्याचं नाव घेतलं, बँड 1972 नंतर संपला नव्हता याचा पुरावा म्हणून. भाऊजी त्याचीच वाट बघत होते. म्हणाले, "अरे, तो नवीन अल्बम तरी होता का? जुन्या रेकॉर्डिंगमधला उरलासुरला माल तो! मिक आणि कीथ एका खोलीत बसायला तयार नव्हते, म्हणून इंजिनिअरने कपाटातल्या टेपा धुंडाळल्या." हेही खरंच आहे. त्यातलं सगळ्यात गाजलेलं 'स्टार्ट मी अप' आधी रेगेच्या, म्हणजे जमैकातल्या संथ ठेक्याच्या चालीवर पुन्हा पुन्हा वाजवून बघितलं होतं, जमलं नाही म्हणून बाजूला टाकलं होतं आणि काही वर्षांनी टेपांच्या ढिगात त्याचा एक रॉक ठेक्यातला टेक सापडला. जगभरच्या स्टेडियममध्ये आज जे वाजतं ते हे असं उरलेलं.

मी वाढत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "मग फोडणीचा भात ताज्या भातापेक्षा चांगला लागतोच की!"

दोघंही गप्प झाले. इतक्या वर्षांत त्या वादात बाहेरून आलेला हा पहिला मुद्दा होता. दोघांनी तो गंभीरपणे घेतला, हा माझा सन्मान समजते. मग नवरा म्हणाला, "बघ दादा, हिलासुद्धा कळतं." भाऊजी म्हणाले, "बघ, तीसुद्धा भात शिळाच होता म्हणतेय." आणि त्या 'सुद्धा'सकट दोघंही माझा मुद्दा घेऊन पुढे निघून गेले. पोळ्या मीच पुन्हा गरम केल्या.

या माणसांची खरी गंमत अशी, की दोघांना एकच गोष्ट दाखवली तरी त्यातून दोन निघतात. एप्रिल 2003 मध्ये स्टोन्स मुंबईत आले होते. ब्रेबर्न स्टेडियमवर हे दोघं भाऊ एकत्र गेले, शेजारी शेजारी उभे राहिले आणि शेवटच्या लोकलने परत आले ते दोन वेगवेगळे कार्यक्रम बघून. भाऊजी म्हणाले, "साठीला टेकलेला माणूस असा उड्या मारताना बघवत नाही. आता मानाने थांबावं." नवरा म्हणाला, "साठीला टेकलेला माणूस असा उड्या मारतो, अजून काय पाहिजे?" त्याच वर्षी मिक जॅगरला सर ही पदवी मिळाली. बंडखोराने राजवाड्यात जाऊन वाकावं हे कीथ रिचर्ड्सला अजिबात रुचलं नाही. भाऊजींनाही नाही. आमच्याकडे आठवडाभर असं वातावरण होतं, की जणू पदवी मुलुंडच्याच कुणाला मिळालीय आणि त्याने पेढे दिलेले नाहीत.

पुढे भाऊजीच निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. ज्येष्ठ नागरिक संघात त्यांनी नाव घातलं आणि त्यानंतर 2024 मध्ये स्टोन्स अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. दौऱ्याचा प्रायोजक कोण, तर एएआरपी, म्हणजे तिथली पन्नाशी ओलांडलेल्यांची संघटना! नवऱ्याने फोन लावून ही बातमी भाऊजींना वाचून दाखवली आणि म्हणाला, "बघ, मी सांगत होतो की नाही?" पलीकडून स्पष्ट ऐकू आलं, "बघ, मी सांगत होतो की नाही?"

या सगळ्यात सासूबाईंचं एक स्वतंत्र आसन आहे. त्यांचा आणि जॅगरचा जन्म एकाच वर्षीचा, 1943चा, त्यामुळे त्याच्या तब्येतीकडे त्यांचं बारीक लक्ष असतं. 2019 मध्ये त्याच्या हृदयाची झडप बदलली आणि दीडेक महिन्यात तो नाचतानाचा व्हिडिओ आला. नातवाने तो दाखवल्यापासून त्या आपल्या गुडघ्याच्या डॉक्टरांवर नाराज आहेत. कीथ रिचर्ड्स 2006 मध्ये फिजी बेटावर झाडावरून पडला आणि त्याच्या डोक्याची शस्त्रक्रिया करावी लागली, ही गोष्ट त्यांना फार आवडते. सगळीकडे नारळाचं झाड म्हणून छापून आलं होतं. सासूबाई गुहागरच्या. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "माडावरून पडला असता तर उरला नसता. साधं झाड असणार." पुढे कीथनेही झाड लहानसंच होतं असं सांगितलं. आमच्या घरात रॉक संगीताबद्दल निर्विवादपणे खरं ठरलेलं हे एकमेव विधान आहे.

पण त्यांचा जीव अडकलाय तो इयन स्टुअर्टमध्ये. हा बँडच्या स्थापनेपासूनचा पियानोवाला. 1963 मध्ये नवा मॅनेजर आला, त्याला सहा जण जास्त वाटले आणि स्टुअर्टचा चेहरा पोस्टरवर शोभत नाही असंही वाटलं. म्हणून त्याला बँडमधून काढलं. तो निघून गेला नाही. बँडची गाडी हाकली, सामान वाहिलं आणि 1985 मध्ये मरेपर्यंत रेकॉर्डवर पियानोही वाजवला. फक्त त्याला मायनर कॉर्ड, म्हणजे उदास वाटणारे स्वरमेळ, आवडत नसत. तशी कॉर्ड आली की हात उचलून स्वस्थ बसायचा. भाऊजी म्हणतात, बँडचा ऱ्हास तिथेच सुरू झाला. नवरा म्हणतो, बँडचा मोठेपणा तिथेच दिसतो, कारण इतकं होऊनही तो टिकला. सासूबाई दोघांकडे दुर्लक्ष करून मला विचारतात, "चेहऱ्यावरून काढलं? आणि त्याची आई काही बोलली नाही?"

माझं मत सहसा कुणी विचारत नाही, पण माझा माणूस चार्ली वॉट्स. ड्रमवाला. मनातून जॅझचा, कपडे शिवलेले नीट, 1964 मध्ये केलेलं लग्न शेवटपर्यंत टिकवलेलं. बाकीच्यांची लग्नं मोजायला बसलं तर वही लागेल. दौऱ्यावर ज्या ज्या हॉटेलात झोपला तिथल्या पलंगाचं त्याने चित्र काढलं, 1967 पासून, एकही पलंग सोडला नाही. गाडी चालवता येत नव्हती, तरी सुरेख जुन्या गाड्या घेऊन ठेवल्या होत्या आणि त्यांत नुसता जाऊन बसायचा. अशा माणसाबरोबर संसार करता आला असता, असं मी एकदा बोलून गेले. नवरा म्हणाला, "दौऱ्यावर असायचा तो." म्हटलं, "तेच तर."

ऑगस्ट 2021 मध्ये चार्ली गेला तेव्हा भाऊजींचा फोन आला. दोघं भाऊ बराच वेळ हळू आवाजात बोलत होते, एकमेकांना "हो रे, हो रे" म्हणत होते. मी घाबरले, मला वाटलं गावी कुणी गेलं. पण महिन्याभरात स्टोन्स नव्या ड्रमरला घेऊन दौऱ्यावर निघाले आणि घर पूर्ववत झालं. भाऊजी म्हणाले, "निदान वर्षश्राद्ध तरी होऊ द्यायचं!" नवरा म्हणाला, "अरे, स्टीव्ह जॉर्डनला घ्या असं चार्लीनेच सांगितलं होतं." तिथून पुढे रात्री अकरापर्यंत.

या दोघांना एकत्र आणण्याचं श्रेय फक्त माझ्या पुतण्याला जातं. तो कॉलेजात आहे आणि कानातलं काढून एकदा एवढंच म्हणाला, की या लोकांनी सुरुवातीला सगळी दुसऱ्यांचीच गाणी गायली ना? बँडचं नावसुद्धा मडी वॉटर्स या अमेरिकन ब्लूज गायकाच्या गाण्यावरून उचललेलं, मग थोर काय? दोघा भावांनी त्याला मधे बसवला. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत ते काय, 1961 साली डार्टफर्ड स्टेशनवर मिकच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या रेकॉर्डी होत्या आणि त्या कीथला कशा दिसल्या, सगळं दोघांनी आळीपाळीने सांगितलं. (मला नेहमी वाटतं, डार्टफर्डला गर्दी नसणार. मुलुंडच्या फलाटावर सकाळी काखेतलं दिसायला आधी काख दिसावी लागते.) पोराने कधीच कानात परत घातलं होतं. मग आपल्यापैकी कोणी जास्त चांगलं समजावलं यावरून दोघांचं जुंपलं.

आणि आता गेल्या दिवाळीचं. साफसफाईत माळ्यावरून नवऱ्याच्या सीडींचा खोका काढला. त्यात 1997चा 'ब्रिजेस टू बॅबिलॉन' होता आणि 2005चा 'अ बिगर बँग' होता. दोन्हींवर प्लास्टिकचं वेष्टन जसंच्या तसं. हे तेच दोन अल्बम, ज्यांच्यासाठी हा माणूस सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षं लढला. भाऊजींनी मात्र हे सगळे अल्बम नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेत. वाईट आहे याची खात्री करायला दोनदा ऐकलेत.

मी वेष्टन त्याच्यासमोर धरलं. तो शांतपणे म्हणाला, "मला माहीतच आहेत ते चांगले आहेत म्हणून."

"मग लाव की."

त्याच खोक्यात जुना सीडी प्लेअर होता, तो चालू झाला हे आश्चर्यच. 'अ बिगर बँग'मध्ये सोळा गाणी आहेत. पहिल्याला नवऱ्याने पायाने ठेका धरला. तिसऱ्याला पाय थांबला. पाचव्याला तो सीडीचं कव्हर उलटसुलट करून अजून किती राहिलीत ते बघत होता. एवढ्यात जाऊबाईंनी दिलेल्या चकल्यांचा डबा घेऊन भाऊजी दारात उभे. सहावं गाणं लागलं होतं, 'बॅक ऑफ माय हँड'. भाऊजी चप्पल काढता काढता थबकले.

"हे बरंय हं यातलं," ते म्हणाले. "अस्सल ब्लूज आहे. एवढं एक सोडलं तर..."

"कसलं बरं?" नवरा उसळला. "किती ओढलंय! दादा, 1972 नंतर यांना एक तरी..."

"अरे, नीट ऐकलंस का तू? त्यातली ती स्लाइड गिटार ऐक!"

"ऐकलं! सगळं ऐकलं!"

सासूबाईंनी आतून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, बाजू बदलल्यात. मी हातात झाडू घेऊन स्टूल धरून उभी होते, पंख्याच्या वरची जळमटं तेवढी राहिली होती आणि वर चढायला दोघांपैकी कुणीही मोकळं नव्हतं.