मी त्याची आई आहे का, हे कुणी विचारलंच नाही

परवा भाच्याचा अकरावा वाढदिवस. त्याला मॉलमधल्या व्हीआर गेमचं, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात खेळायच्या गेमचं वेड, म्हणून घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलाने टॅबलेट पुढे केला, "मॅडम, इथे फक्त टिक करा." इंग्रजीत लांबलचक अटी. मागे रांग, पोरगा हात ओढतोय, "मावशी, चल ना गं!" केलं टिक. आधीच्या मुलाच्या घामाने ओलसर झालेला हेडसेट त्याच्या डोक्यावर चढला, पट्टा आवळला, आणि पंधरा मिनिटं तो हवेत हात चालवत राहिला. दोनदा भिंतीवर आपटता आपटता वाचला. माझं सगळं लक्ष त्या भिंतीकडे होतं.

घरी येऊन वाचत बसले तेव्हा झोप उडाली. डोकं आणि हात कुठे आहेत हे क्षणोक्षणी मोजल्याशिवाय हेडसेट चालतच नाही. त्यामुळे मोबाईलसारखी परवानगी नाकारायची सोयही नाही. २०२३ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 'बीट सेबर' हा व्हीआर गेम खेळणाऱ्या ५५ हजारांहून जास्त लोकांच्या हालचाली तपासल्या. १०० सेकंदांच्या नोंदीवरून माणूस ९४ टक्के अचूक ओळखता आला. चेहरा न बघता! पासवर्ड बदलता येतो हो, हात फिरवायची लकब कशी बदलणार?

आपल्याकडे २०११ च्या आयटी नियमांनी बायोमेट्रिक, म्हणजे शरीरावरून माणूस ओळखणाऱ्या माहितीला 'संवेदनशील' असा वेगळा दर्जा दिला होता. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात असा वेगळा गटच ठेवलेला नाही. ही मोठी चूक आहे, असं माझं ठाम मत आहे.

मुलांबाबत मात्र हा कायदा कडक आहे. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती हवी, आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई. संमतीची सूचना मराठीत मिळण्याचा पर्यायही द्यायचा आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतायत. पण ज्या यंत्राचं कामच हालचाल टिपणं, तिथे खेळ कुठे संपतो आणि पाळत कुठे सुरू होते? हे सरकारने व्हीआरचं नाव घेऊन लिहायला हवं. हालचालींची नोंद यंत्राबाहेर जाऊ नये आणि खेळ संपला की पुसली जावी, एवढं तरी हवंच.

ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग त्याचं जे काही साठवलंय ते पुसायला सांग ना." दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेले. काउंटरवरचा मुलगा बिचारा गोंधळला.

"मॅडम, आमच्याकडे काहीच नसतं. ते सगळं कंपनीकडे जातं."

कुठल्या कंपनीकडे, ते त्यालाही माहीत नव्हतं.